तंजावरच्या राणीसाहेबांचे वकील
(हीरक महोत्सवाच्या मुख्य समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या वाटचालीचा आढावा माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी सविस्तर घेतला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. आज मी आपल्याला एका वकिलांची ओळख करून देणार आहे. ते मराठी नव्हते, तमिळही नव्हते. परंतु त्यांनी लढविलेला एक खटला या तंजावरातील भोसल्यांच्या वाड्याचा होता, आणि तरीही त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. ते नाव म्हणजे जॉन ब्रूस नॉर्टन.

बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आपल्याला परिचित आहे. त्या शिलालेखानंतरची हकीकत मात्र दुःखाची आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आधीच गेला होता. महाराजांकडे किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले होते. पुढे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजी महाराज निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. कंपनीने वारस नाही असे ठरवून राज्य खालसा केले. एवढ्यावरही ती थांबली नाही. ऑक्टोबर १८५६ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने सैनिकांसह वाड्यात येऊन जडजवाहीर, खजिना आणि खाजगी मालमत्ता ताब्यात घेतली.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी यावर जे केले, त्याचे मोल आज आपल्याला चटकन कळणार नाही. पडद्याआड राहणाऱ्या एका विधवा स्त्रीने हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सत्तेविरुद्ध मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद दाखल केली. तिची बाजू नॉर्टन यांनी मांडली. राज्य ही एक गोष्ट आणि घरची मालमत्ता ही दुसरी. राज्य गेले म्हणून पतीच्या खाजगी मालमत्तेवरील पत्नीचा हक्क जात नाही, हे त्या फिर्यादीचे सार होते. मद्रासच्या न्यायालयाने निकाल राणीसाहेबांच्या बाजूने दिला.

कंपनीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. दरम्यान १८५७ चा उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचेच राज्य संपले. १८५९ च्या जुलैत निकाल लागला, तो राणीसाहेबांच्या विरुद्ध. लॉर्ड किंग्जडाउन यांच्या निकालपत्राचा आशय असा, की ही मालमत्ता घेण्यास कायद्याचा आधार शोधून सापडणे अतिशय कठीण आहे. तथापि सार्वभौम सत्तेने राज्यकारभाराचे कृत्य म्हणून ती घेतली असल्यामुळे, ते कृत्य न्याय्य की अन्याय्य, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. हा निकाल आजही भारतातील कायद्याच्या अभ्यासात येतो.

खटला हरला. पण त्या खटल्यामुळे एक गोष्ट घडली होती. सरकारचा कायदेशीर हक्क दिसत नाही, हे सरकारच्याच सर्वोच्च न्यायपीठाच्या निकालपत्रात कायमचे लिहिले गेले होते. १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत दिली. हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून दिली, हेही खरे. पण राणीसाहेब गप्प बसल्या असत्या, तर ही कृपा करण्याची गरज कोणाला भासली असती?

वकिलाची खरी समाजसेवा मला येथे दिसते. दुर्बलाचे म्हणणे तो अशा रीतीने कागदावर आणतो, की बलवानाला त्याचे उत्तर द्यावेच लागते. निकाल त्याच्या हाती नसतो. नोंद मात्र असते.

नॉर्टन यांचे बाकीचे कार्यही याच वृत्तीचे आहे. कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना कायद्याचे शिक्षण न देताच जिल्ह्याच्या न्यायासनावर बसविले जाई. १८५३ मध्ये त्यांनी दक्षिण हिंदुस्थानातील न्यायदानावर पुस्तक लिहून ही दुरवस्था चव्हाट्यावर आणली. उठावानंतर राज्ये खालसा करण्याच्या धोरणावर त्यांनी कठोर टीका केली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी पुराव्याच्या कायद्यावर दिलेली व्याख्याने १८५८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिरुवैयारूला १७९४ मध्ये निवर्तलेल्या पचैयप्पा मुदलियारांच्या दानातून मद्रासला उभ्या राहिलेल्या शाळेच्या वार्षिक समारंभांतून ते भाषणे करीत आणि हिंदी तरुणांना शिक्षणाचे महत्त्व पटवीत. पुढे १८६३ मध्ये तेच मद्रासचे ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचे वकील झाले. इंग्रजी राज्य जावे असे त्यांना वाटत नव्हते. ते न्यायाने चालावे असे वाटत होते. त्यांचा गौरव करताना ही मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे.

पालकहो, हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. राणीसाहेबांकडे वकील देण्याइतकी ऐपत होती. पतीनिधनानंतर घराबाहेर काढल्या गेलेल्या, कोऱ्या कागदावर अंगठा दिलेल्या सामान्य स्त्रीचे काय? आपल्या संविधानाच्या ३९ अ या अनुच्छेदाने आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. त्या कायद्याच्या १२ व्या कलमानुसार कोणत्याही स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींनाही तो हक्क आहे. यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. ही माहिती कृपया आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंपर्यंत, शेजारच्या आजींपर्यंत पोहोचवा.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी अवश्य कायदा शिकावा. घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलणाऱ्या मुलाला दोन माणसांचे म्हणणे दोन भाषांत समजून घेण्याची सवय उपजतच लागलेली असते. वकिलीत ती मोठी शिदोरी आहे. मोडी लिपीही शिका. सरस्वती महालात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. ते ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण कागद वाचणाराच नसेल तर खुल्या दाराचा उपयोग काय?

माजी विद्यार्थ्यांमध्ये जे वकिली करीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक शनिवार शाळेला द्या. शाळेची एक खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या मी देते. ज्यांना आपले म्हणणे कागदावर मांडता येत नाही, त्यांच्यासाठी ते तुम्ही मांडा. हीरक महोत्सवाची याहून चांगली आठवण मला सुचत नाही.