गोड बोला, आणि साखरेकडेही बघा
(सोसायटीच्या मकरसंक्रांत स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



तीळगूळ देताना आपण 'गोड बोला' म्हणतो. म्हणजे गोड खाण्याचा नि वागण्याचा संबंध आपण धरूनच चालतो. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण याबद्दल दोन शब्द बोलते.

वाढदिवसाला पोरं जिन्यात धिंगाणा घालू लागली की आपण म्हणतो, "गोड जास्त झालं!" मीही वर्गात हेच म्हणायचे. अमेरिकेत १९९४ साली एक प्रयोग झाला. मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं, साखर दिलीय. त्याच आयांना आपली मुलं जास्त दंगेखोर वाटली! दंगा साखरेचा नव्हता, समजुतीचा होता.

पण साखर कमी झाली तर? मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो जवळपास २० टक्के, तीही मुख्यतः ग्लुकोजची. ते कमी पडलं की माणूस चिडतो, बरळतो.

आपल्याच वार्षिक सभेत आमचे हे एकदा मेंटेनन्सच्या हिशेबावरून ओरडायला लागले. घाम फुटलेला, शब्द अडखळत होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "घेऊन आले वाटतं." मी स्वतः लाजेने मान खाली घातली. शेजारच्या सूनबाईंनी मात्र विचारलं, "काकू, काकांनी इन्सुलिन घेतलं का? जेवले का?" इन्सुलिन घेतलं होतं; सभा लांबली, जेवण राहिलं होतं. साखरपाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी हे मलाच विचारतात, "मी काही वेडंवाकडं बोललो का गं?"

चाळीस वर्षांचा संसार, आणि मी आजाराला स्वभाव समजले.

म्हणून विनंती. मधुमेही माणूस अचानक चिडला, घामाघूम झाला, तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या किंवा मोसंबीचा रस द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

अंबड-घनसावंगीचा ऊस, अंकुशनगरचा कारखाना. साखर आपल्या घरचीच. तिच्यावर राग नाही. पण एरवी दिवसाला सहा चमचे पुरेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहातच किती जातात, मोजा एकदा!

तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि कुणी कडू बोललं, तर आधी विचारा, "जेवलात का?"