मत कुणाचं?
(देवगड येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कुठला पक्ष चांगला, हे सांगायला मी उभी नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारायचंय ते एवढंच, की आपल्या तालुक्यातली बाई खासदार निवडायला रांगेत उभी राहते तेव्हा तिचं मत तिचं असतं का?

आपला भाग राजकारणात अडाणी नाही. जुन्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅ. नाथ पैंना तीनदा निवडून दिलं, १९७१ पासून प्रा. मधु दंडवत्यांना पाच वेळा. १९९१ साली सुधीर सावंतांनी दंडवत्यांना हरवलं, पुढे सुरेश प्रभू आले. २००९ पासून हाच भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला: नीलेश राणे, दोनदा विनायक राऊत आणि २०२४ ला नारायण राणे. काँग्रेस, समाजवादी, जनता, शिवसेना, भाजप, सगळे पक्ष आपण पाहिले. या यादीत बाईचं एक नाव काढून दाखवा! २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. घोव आणि झिलगे मुंबईला. घर, शेती, म्हातारी माणसं आपल्याकडे. तरीही ही परिस्थिती. प्रमिलाताई दंडवते १९८० साली लोकसभेत गेल्या, हुंड्याच्या कायद्यासाठी झगडल्या, पण त्या निवडून आल्या मुंबईतून.

आता २०२४ चं मतदान आठवा. ७ मे. देवगडात ७ मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. हापूस तयार, पेट्या भरायची घाई. आंबे निवडायला, पेट्या भरायला बसणाऱ्या बायकांना मी विचारत होते. एक म्हणाली, "बाय, मत देवक गेलंय तर अर्ध्या दिवसाचो रोज कोण देतलो?" हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला कायद्यात उत्तर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५-ब कलम सांगतं की धंद्यात, कारखान्यात, आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला मतदानादिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवरच्यालासुद्धा. मालकाने मोडलं तर दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. यावरून आपल्या रोजाची किंमत कळते. पण कलम आहे, आणि आपण ते हातात कागद धरून मागू शकतो. एकटी मागेल तर दुसऱ्या दिवशी तिला बोलावणार नाहीत. वाडीतल्या दहाजणी मिळून मागतील तर पेट्या कोण भरणार?

दुसरी गोष्ट घरातली. "घोव सांगात तेका" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मी वाद घालत नाही, नियम सांगते. तुम्ही कुणाला मत दिलं हे विचारायचा कुणालाच हक्क नाही. कोर्टातल्या साक्षीदारालासुद्धा ते सांगायची सक्ती करता येत नाही, कलम ९४. यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती फक्त तुम्हाला, मग पेटीत पडते. मोजणीनंतर पुढाऱ्यांना केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते कळतं, म्हणून "तुमच्या वाडीने दिलं नाही" अशी धमकी येते. पण त्यातलं तुमचं मत कुठलं, हे त्यांना कळायला मार्ग नाही.

एका आजीबाईंचा गोंधळ वेगळाच होता. "बाण खंय गेलो?" म्हणून त्या विचारत होत्या. पक्ष फुटला, राऊतांची निशाणी मशाल झाली, राणे कमळावर उभे होते. वर्षानुवर्षं बायकांना निशाणी शिकवली, उमेदवार काय करतो ते कुणी शिकवलंच नाही. त्यात आजीची काय चूक?

तिसरी गोष्ट यादीची. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली. 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आज आपण ते हसण्यावारी नेतो. पण आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव, आडनाव, गाव सगळंच बदलतं. माहेरच्या यादीत नाव राहतं, सासरी चढत नाही. नमुना ८ भरून पत्ता बदलता येतो, नाव दुरुस्त करता येतं. सासरचे करतील म्हणून थांबायचं नाही.

राहता राहिलं आरक्षण. विधेयक १९९६ ला आलं, २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं आणि तिथेच अडकलं. २०२३ ला कायदा झाला तोसुद्धा जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना या अटी घालून. म्हणजे २०२४ ला त्याचा उपयोग शून्य. महाराष्ट्रातून ४८ पैकी सात बायका निवडून आल्या. २०१९ ला आठ होत्या. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, आपल्या बायका सरपंच होतात, मग दिल्लीच्या तिकिटालाच त्या कच्च्या कशा? लोकसभेचा निकाल लागला आणि महिन्याभरात राज्य सरकारने दीड हजार रुपयांची योजना जाहीर केली. पैसे घ्या, ते आपल्याच कराचे आहेत. पण पक्षांना आपली संख्या मोजता येते, एवढं त्यावरून समजून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या वाडीची मतदार यादी आणावी. गेल्या पाच वर्षांत लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं त्यात आहेत का, ते एकेक करून तपासू. नमुना ८ चे कोरे अर्ज मी घेऊन येते.