आश्रय आणि शेजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरदार सोडून आलेल्या माणसाला आश्रय देणे निराळे आणि त्याला शेजारी करून घेणे निराळे. आज मला एवढेच सांगायचे आहे. पहिले काम सरकार करू शकते. दुसरे मात्र गावालाच करावे लागते, आणि गावात ते बहुतेक बायकाच करतात.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचे उदाहरण घेऊ. १९३९ साली जर्मनी व रशिया या दोघांनी पोलंडवर चाल केली. पुढे लाखो पोलिश माणसांना रशियाने सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केले. त्यांतून वाचलेली काही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत अशी सुमारे ५,००० माणसे राहिली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. कौलारू बराकी होत्या. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर सारे छावणीतच होते. आसपासचे दुकानदार त्यांना माल विकीत, ओळखी होत. पण ती माणसे परतीच्या आशेवर होती. युद्धानंतर त्यांची पांगापांग झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी पोलंडला. मात्र हा आश्रय ती विसरली नाहीत. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि २०१९ साली वळिवड्यासही स्मृतिस्तंभ उभा राहिला.

त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथे उतरली, आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. आज आसपासच्या जिल्ह्यांतले व्यापारी तेथे कापड भरायला जातात. आपल्या पुणे जिल्ह्यातही पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीला तर १९४९ साली उल्हासनगर हे नावच मिळाले.

या लोकांना सरकारने छप्पर दिले. पण ती माणसे येथे रुजली ती व्यवहारामुळे. बायकांनी घरी पापड लाटले, लोणची घातली; पुरुषांनी आणि पोरांनी ती दारोदार विकली. समोरच्या मराठी बाईने तो पापड विकत घेतला, उद्या पुन्हा ये म्हणाली, पोराचे नाव विचारले. कुरकुरही झालीच, भाषा निराळी, दुकानदारीत चढाओढ. तरीही देणेघेणे चालू राहिले. दान घेणाऱ्याची मान खाली असते; माल विकणारा समोर पाहून बोलतो. ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी,’ असे फाळणीतून आलेले पुष्कळ लोक म्हणत, ते याच अभिमानाने.

आता आपल्या न्हावऱ्याकडे वळू. आपल्याकडे निर्वासितांची छावणी नाही. पण हंगामात शिरूर-दौंडच्या शिवारात ऊसतोडीची कुटुंबे येऊन खोप्या घालतात. रांजणगावच्या कारखान्यांसाठी परमुलखातली माणसे खोल्या भाड्याने घेतात. त्यांना युद्धाने हाकलले नाही, पोटाने आणले. तरी परक्या गावात पहिल्या रात्री बाईला जे वाटते, ते तेच. पाणी कोठे भरावे, पोर तापले तर कोणाचे दार वाजवावे?

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली, खोप्यांवर जाऊन बायकांची नावे विचारावी. ‘ए तोडीवाली’ ही हाक आपल्या तोंडून जावी. दुसरी, त्यांच्या मुलांना शाळेत नेऊन बसवावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्यातही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मागाहून आला तरी चालतो. तिसरी, गरोदर बाई आणि तान्ही मुले कोठे आहेत हे आशाताईंना आपण कळवावे, म्हणजे लस चुकणार नाही.

यांतल्या एकाही कामाला मंडळाच्या पेटीतला पैसा लागत नाही. दिवाळीनंतर टोळ्या येऊ लागतील. त्याआधी कोणी कोणत्या वस्तीवर जायचे, ते आजच ठरवून मग चहाला उठावे, अशी माझी विनंती आहे.