पाणी फिरलं तर प्रवाळ जगेल

प्रवाळ जागचं हलत नाही. त्याला खाणं आणि ऑक्सिजन आणून द्यायचं, त्याची घाण वाहून न्यायची, हे सगळं पाणीच करतं. म्हणून २०० लिटरच्या टाकीत मी दोन वेव्हमेकर लावतो. दोन्ही मिळून ताशी किमान ४,००० लिटर पाणी फिरवणारे, समोरासमोर, आळीपाळीने चालणारे. एकच झोत सतत अंगावर आला, तर प्रवाळाचं मऊ अंग सोलवटतं. दगडांमागे कचरा साचतोय? मग तिथे प्रवाह पोहोचत नाही. पंपाचं तोंड थोडं वळवा. वरचं पाणीही हलतं ठेवा, ऑक्सिजन तिथूनच मिसळतो. आणि लाइट गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावा. दिवसभराचा अंधार प्रवाळ सोसेल, पण थांबलेलं पाणी काही तासांत जीव घेऊ शकतं.