भुईगावचा दगड आणि मरीआईचा गाडा

अभंगाचा पुढचा चरण घेण्याआधी जरा थांबू. परमार्थाला भोळा भाव लागतो, हे सगळे संत सांगतात आणि ते खरंच आहे. पण भोळा आणि बावळट यात फरक आहे की नाही? मान हलवताय सगळे. मग कोरोनात तो फरक कुठं गेला होता?

आठवा तो मार्च २०२०. टाळेबंदी लागते न लागते तोच बातमी आली. म्हणे एका गावात बाळ जन्मलं, जन्मल्याजन्मल्या बोललं, "कोरा चहा प्या" म्हणालं आणि गेलं. कुठलं गाव? कुणाचं बाळ? ते विचारायचं नाही! लोकांनी रात्री उठून आधण ठेवलं. पुढे दुसरी लाट आली, तेव्हा लिंबाचा रस नाकात घालायचा निघालं. मग कापूर, लवंग आणि ओवा फडक्यात बांधून हुंगायचं, प्राणवायू वाढतो म्हणे. वाफ घेता घेता कुणाचं तोंड भाजलं. काढ्याचं तर विचारू नका, दिवसाला पाच-पाच वेळा सुंठ-मिरी, पोटात नुसती आग. आता काढा वाईट नाही हो. आपली आजी द्यायची, घसा शेकायचा, बरं वाटायचं. पण काढ्यानं महामारी जाते असं आजीनं कधी सांगितलं नव्हतं. ते मोबाईलनं सांगितलं आणि आजीच्या नावावर खपवलं.

तुम्ही म्हणाल, महाराज, हे कलियुगाचं लक्षण. नाही माउली, हे फार जुनं आहे. किती जुनं, ते आपल्याच मातीत लिहून ठेवलंय. नालासोपारा म्हणजे पूर्वीचं शूर्पारक बंदर. तिथं सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला, तो आठव्या लेखाचा. आणि आपल्या वसईच्या भुईगावात १९५६ साली आणखी एक तुकडा मिळाला, तो नवव्या लेखाचा. हा नववा लेख कशावर आहे? ऐकून हसाल. आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक जे नाना तऱ्हेचे तोडगे आणि मंगलविधी करतात, त्यावर! सव्वादोन हजार वर्षं झाली त्याला.

पूर्ण लेख इतर ठिकाणच्या शिळांवर आहे, त्यावरून अर्थ कळतो. राजा काय म्हणतो? हे विधी करायचे तर करा. दंडुका उगारत नाही तो, बरं का. पण यांचं फळ थोडं, असं म्हणतो. बायका असले विधी फार करतात, असंही त्यानं लिहिलंय. ते मला काही पटत नाही. नाकात लिंबू पिळणारे आणि मोबाईलवर तोडगे पाठवणारे मी पाहिले ते बहुतेक पुरुषच होते! असो. मोठं फळ कशाचं, तर दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, जिवांशी संयम, साधुसंतांना दान. म्हणजे आजार आला तेव्हा तू दारात काय टांगलंस हे राजा विचारत नाही. दाराशी कोण आलं आणि तू त्याच्याशी कसा वागलास, हे विचारतो.

आता सांगा, आपण कसे वागलो? दहा वर्षं घरात धुणंभांडी करणाऱ्या बाईला फाटकाच्या आत घेतलं नाही. इथवर ठीक, नियम होते. पण तिचा पगार? रात्रभर रुग्णालयात राबून आलेल्या नर्सताईला "खोली सोडा" म्हणणारे घरमालक होते की नव्हते? टाळ्या वाजवायला सगळे गॅलरीत, आणि तीच ताई जिन्यात दिसली की दार बंद! विठ्ठल विठ्ठल.

जुन्या लोकांना मरीआईचा गाडा माहीत असेल. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा करायचा, नैवेद्य ठेवायचा, वाजतगाजत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडायचा. म्हणजे आपली पीडा त्यांच्याकडे! ते गाव काय गप्प बसणार? ते पुढच्या शिवेवर ढकलायचे. गाडा फिरत राहायचा आणि पटकी सगळीकडे राहायची, कारण ती गाड्यात नव्हती, पाण्यात होती. आपण हसतो त्यांना. पण "आमच्या सोसायटीत नको" म्हणजे दुसरं काय? गाडाच तो, फक्त चाकं नव्हती.

याच्या उलट वागलेलं माणूसही आपल्या महाराष्ट्रात झालं. १८९७ सालचा पुण्याचा प्लेग. सावित्रीबाई फुल्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना काढला होता. एका प्लेगच्या पोराला उचलून सावित्रीबाई तिथं घेऊन गेल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला देह ठेवला. त्यांनी गाडा ढकलला नाही माउली, त्यांनी उचलून आणलं.

आणि तोडग्याची सख्खी बहीण म्हणजे अफवा. कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, अशी आवई उठली आणि आपल्या पालघर जिल्ह्यात कुक्कुटपालनवाल्यांना पिल्लं नि अंडी नष्ट करावी लागली. मी माळकरी, मला कोंबडीशी काय करायचंय? पण त्या शेतकऱ्याच्या कर्जाशी तरी करायचंय ना! त्याहून भयंकर सांगू का? सांगताना जीभ जड होते. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले, १६ एप्रिल २०२०ची रात्र. चोर फिरताहेत, मुलं पळवतात, अशा वावड्या गावोगाव पसरल्या होत्या, रात्रीचे पहारे लागले होते. त्या रात्री दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक, तिघांना जमावानं ठार केलं. ज्या हातांनी साधूला शिधा वाढायचा, ते हात! यावर मी जास्त बोलत नाही.

त्या नवव्या लेखात शेवटाकडे आणखी एक गोष्ट आहे. बापानं, मुलानं, भावानं, मालकानं, मित्रानं, अगदी शेजाऱ्यानंसुद्धा सांगावं, की बाबा, हे चांगलं आहे, हे कर. शेजाऱ्यानंसुद्धा! मला हा शब्द फार लागला. का लागला, ते सांगतो.

आमच्या भजनी मंडळात एक टाळकरी होते. नाव नको. आवाज खडा, टाळाचा ठेका असा की मृदंगवाल्यानं त्यांच्याकडे बघून वाजवावं. दुसऱ्या लाटेत ताप आला. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, दवाखान्यात न्यायचं नाही, तिथं गेलेलं माणूस परत येत नाही. गळ्यात कापराची पुरचुंडी, उशाला लिंबू, अंगारा, दृष्ट काढणं, सगळं झालं. सहा दिवस. चाळीतल्या भिंती त्या केवढ्या? त्यांची धाप अख्ख्या मजल्याला ऐकू येत होती. प्रत्येकाला वाटलं, आपण कसं बोलायचं, त्यांच्या घरचा प्रश्न. सातव्या दिवशी समोरच्या खोलीतल्या कॉलेजातल्या मुलीनं न विचारता आत जाऊन बोटाला ते यंत्र लावलं, ऑक्सिमीटर. आकडा बघून ती ओरडलीच. मग धावपळ. खाट मिळेपर्यंत रात्र गेली, आणि टाळकरी काही परत आले नाहीत. घरचे म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो ना, तिथं गेलेला येत नाही! आता काय बोलायचं? लवकर नेलं असतं तर वाचलेच असते, असं मी छातीठोक सांगणार नाही. ते माझं शास्त्र नाही. पण सहा दिवस वाट दिली गेली नाही, एवढं तर दिसतं.

लशीच्या वेळीही हेच. लस घेतली की माणूस मरतो, असं आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवर पसरलं. अहो, ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो, कोप होईल म्हणून औषध देत नव्हतो, त्याची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली ती आपल्या मुंबईत, १८०२ साली, तीन वर्षांच्या एका मुलीला. लोकांनी लस टोचण्यालाच "देवी काढणं" नाव दिलं. रोगही देवी, लसही देवी! शेवटी रोग गेला आणि दंडावरचा वण राहिला. इथं बसलेल्या आजीबाईंच्या दंडावर असेल बघा.

आता कुणी मनात म्हणत असेल, महाराजांची श्रद्धाच कमी. देवावर सोपवलं तर देव तारत नाही का?

मग सांगा, २०२० साली आषाढीला काय झालं? वारकऱ्याला पायी वारीहून मोठं काय आहे? जीवदानीच्या पायऱ्या बंद, सगळी देवळं बंद, ती उघडली दिवाळीच्या पाडव्याला, ते सोसलं एकवेळ. पण वारी! ज्ञानोबा माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका आळंदी-देहूहून पंढरपूरला गेल्या कशा? एसटीनं. फुलांनी सजवलेली एसटी, सोबत मोजकी माणसं. दिंड्या नाहीत, रिंगण नाही, रस्त्याला चिटपाखरू नाही. पुढच्या वर्षीही तेच. म्हणावं कुणीतरी, की आळंदी-देहूच्या मंडळींची श्रद्धा कमी होती! विरार-वसईतून दरवर्षी निघणारी आपली माणसं घरातच तुळस घेऊन उभी राहिली, रडली, आणि तिथंच कपाळ टेकलं. एसटी पंढरीच्या वाटेला लागलेली मोबाईलवर बघताना आमच्या शेजारच्या आजी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, बसून गेले. दरवर्षी पाय दुखत असतील."

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!