बिल न येणारी खाट



माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. दवाखान्यात निघाले की त्यांच्या कापडी पिशवीत ईसीएचएसचं कार्ड, ईसीजीच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या आणि घड्या घालून मऊ झालेली रेफरलची चिठ्ठी असे.

ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. तिच्या पॉलिक्लिनिकमधून रुग्ण पुढे लष्करी रुग्णालयात जातो, नाहीतर यादीतल्या खासगी रुग्णालयात. खासगीचं बिल ठरलेल्या दरानं सरकार भागवतं. पुण्याच्या लष्करी कमांड हॉस्पिटलमधून मात्र बिलच येत नाही, म्हणून आपण म्हणतो, तिथं फुकट.

पण फुकट कसं असेल? डॉक्टर-नर्सचे पगार, इमारती, यंत्रं, सगळा खर्च संरक्षण खात्यावर पडतोच. तो खाटांवर वाटला, तर लष्करी खाट खासगीपेक्षा महागही दिसेल. तरी तो हिशेब मला पटत नाही. युद्धासाठी ही रुग्णालयं सज्ज ठेवावीच लागतात. शांततेच्या काळात सर्जनचा हात चालता ठेवतं कोण? जवान बहुतेक तरुण, धडधाकट. बायपासचे, कॅन्सरचे, खुबा मोडलेले रुग्ण येतात ते म्हाताऱ्या फौजींच्या घरांतून. त्यांच्यावर उपचार करतच एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे तरुण डॉक्टर तयार होतात. खाट रिकामी असेल, तर आणखी एका रुग्णाचा वाढीव खर्च औषधांचा, जेवणाचा, फार तर बसवायच्या सांध्याचा.

आता घरचा खर्च. साताऱ्याहून पुणे सुमारे 110 किलोमीटर. सोबत आई, दोन खेपा, मुक्काम, जेवण. हे पैसे कुठल्याच सरकारी वहीत चढत नाहीत. मोतीबिंदूसाठी एवढी यातायात कशाला? ते काम जवळच्या खासगी रुग्णालयातच स्वस्त पडतं.

पण तिथंही एकदा काउंटरवरून उत्तर आलं, "मागची बिलं थकलीत, आधी पैसे भरा." वडिलांनी काही न बोलता कार्ड पुन्हा पिशवीत ठेवलं. त्यांचा तो हात मी विसरलेलो नाही.

सरकारला माझं कळकळीचं सांगणं आहे: अवघड शस्त्रक्रियांसाठी लष्करी रुग्णालयांत खाटा वाढवा, साधे उपचार गावाजवळ होऊ द्या आणि खासगी रुग्णालयांची बिलं वेळेवर चुकती करा.