जखमा बांधणाऱ्यांचे स्मारक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, सोलापूर येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला, म्हणजे श्रोत्यांचे लक्ष भोजनपंक्तीकडे वळते, हे आम्ही जाणून आहोत. तथापि कार्यकारी मंडळाने जो विषय आम्हांकडे सोपविला आहे, तो घाईने उरकण्याजोगा नाही. युद्धकाळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर व रुग्णसेवक यांचे एक स्मारक आपण उभारावे, असा ठराव आज सभेपुढे यावयाचा आहे. मंडळाच्या प्रांगणात एक संगमरवरी स्तंभ असावा आणि ज्ञातीतील ज्या डॉक्टरांनी लष्करात सेवा केली त्यांची नावे त्यावर कोरावीत, असा त्याचा मसुदा आहे. हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मसुदा वाचताना दोन शब्दांपाशी आमचे मन अडखळले. एक शब्द ‘ज्ञातीतील’ हा आणि दुसरा ‘डॉक्टरांनी’ हा. त्या दोन शब्दांविषयीच आज आम्हांस बोलावयाचे आहे.

स्मारक कसे असावे, हे सोलापूरकरांस बाहेरून शिकण्याची गरज नाही. 1930 सालच्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. चौघे चार समाजांतले. आज त्यांचे चार पुतळे एकाच चौकात उभे आहेत. प्रत्येक समाजाने आपापला हुतात्मा आपापल्या वाड्यात नेऊन ठेवला असता, तर त्या चौकास हुतात्मा चौक कोणी म्हटले असते? एवढा एकच दाखला ‘ज्ञातीतील’ या शब्दाचा फेरविचार करण्यास पुरेसा आहे.

आता ज्या पुरुषाचे नाव या विषयात प्रथम घेतले पाहिजे, त्याच्याकडे वळू. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी याच शहरी झाला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली होती. 1938 साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस, असे ते पाच. देश स्वतः पारतंत्र्यात असता दुसऱ्याच्या जखमा बांधावयास ही मंडळी गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

1939 च्या आरंभी हे पथक येनान येथे पोहोचले. एकेक करून सहकारी परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ रणभूमीवर आठव्या सेनेबरोबर राहिले. घरी वडील वारल्याचे वृत्त आले, तरी ते परतले नाहीत. 1940 च्या एका लढाईत त्यांनी अखंड 72 तास शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हे त्याच रणभूमीवर, शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन, 12 नोव्हेंबर 1939 रोजी निवर्तले होते. त्यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद 1941 साली कोटणिसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवू लागले आणि शल्यशास्त्रावर ग्रंथही लिहू लागले. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्याने ते गेले. वय अवघे 32 वर्षांचे.

त्यांचे स्मरण झाले नाही असे नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, व्ही. शांताराम यांनी 1946 साली चित्रपट काढला. चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत, बेथ्यून यांच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे. भारत सरकारने 1993 साली टपाल तिकीट काढले. आणि आपल्या महापालिकेने भैय्या चौकातील त्यांच्या घराचे स्मारक केले. ते घर ज्यांनी अद्याप पाहिले नसेल, त्यांनी मुलाबाळांसह अवश्य पाहावे.

परंतु त्या घरातून बाहेर पडताना एक प्रश्न मनात घेऊन यावे. 72 तास शस्त्रक्रिया चालल्या, तेव्हा कोटणिसांच्या हाती उपकरणे कोण देत होते? पाणी कोण उकळत होते? शुद्धीवर येऊन विव्हळणाऱ्यांच्या उशाशी कोण बसले होते? त्यांपैकी एका व्यक्तीचे नाव आपणांस ठाऊक आहे, ते ती त्यांची पत्नी झाली म्हणून. गुओ चिंगलान या त्या रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देत असत. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात उभयतांची भेट झाली. 1941 साली विवाह झाला. 1942 च्या ऑगस्टात पुत्र जन्मला. त्याचे नाव यिनहुआ ठेविले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. चार महिन्यांत पती गेला आणि पुढे 1967 साली पंचविशीच्या आतबाहेरचा हा मुलगाही गेला. गुओ चिंगलान 2012 पर्यंत जगल्या. इतर परिचारिकांची नावे आपणांपैकी कोणास सांगता येतील? डॉक्टरांचे नाव इतिहासात राहते आणि परिचारिकेचे नाव हजेरीपटावर संपते, हाच सर्व देशांतील रिवाज आहे.

जखमी सैनिक वाचतो कसा, हे थोडे पाहू. तो पडतो तेथून त्यास प्रथम डोलीवाले उचलतात, तेही गोळ्यांच्या वर्षावात. मग पलटणीच्या प्राथमिक उपचार ठाण्यावर रक्त थांबविले जाते. तेथून फिरत्या रुग्णपथकाकडे, तेथून शस्त्रक्रियेच्या ठिकाणी आणि अखेर पिछाडीच्या मोठ्या रुग्णालयात, अशी ही साखळी असते. शस्त्रक्रिया तास-दोन तासांची. त्यानंतरचे आठवडे परिचारिकेचे. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंस हेच आढळले होते की, जखमांपेक्षा रोगराईने व अस्वच्छतेने अधिक सैनिक मरतात. आपल्याकडे शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतील सेनियो नदीच्या खोल पाण्यातून दोन जखमी सोबत्यांना वाहून आणले आणि त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. पण नदीच्या अलीकडील तीरावर त्या दोघांचा भार ज्यांनी पुढे स्वीकारला, त्यांची नोंद आपल्यापैकी कोणापाशी आहे?

या सेवेचा आपल्या देशातील इतिहासही अल्प नाही. 28 मार्च 1888 रोजी दहा शिक्षित परिचारिका मुंबई बंदरी उतरल्या, तो लष्करी परिचर्येचा आरंभ. 1 ऑक्टोबर 1926 रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायम स्वरूपात स्थापन झाली. 1943 च्या वटहुकुमाने परिचारिकांस अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी 3 एप्रिल रोजी डॉक्टर, साहाय्यक व वॉर्डातील शिपाई यांची निरनिराळी खाती एकत्र करून लष्करी वैद्यकीय दल उभे राहिले. 1976 साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम या मेजर जनरल झाल्या. एवढ्या पदास पोहोचलेली भारतीय सैन्यातील पहिली स्त्री परिचारिका होती. आणि याच इतिहासात हेही लिहिले आहे की, विवाह केला या कारणावरून 1988 साली सेवेतून दूर केलेल्या एका परिचारिका अधिकाऱ्यास न्याय मिळावयास 2024 चा फेब्रुवारी उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा 60 लाख रुपये भरपाई देवविली.

सरकारचे दोष दाखविणे सोपे असते. आपल्या घराकडे पाहणे कठीण. पुण्याच्या सेवासदनाने 1909 नंतर मुलींना परिचर्या शिकविण्याचा उपक्रम केला, तेव्हा पांढरपेशा समाजाने नाके मुरडली. त्याच्याही आधी, 1897 च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करता करता देह ठेविला. पण त्यांचा कित्ता आपण किती जणांनी गिरविला? ख्रिस्ती समाजातील भगिनींनी हे काम पिढ्यान् पिढ्या आपलेसे केले. आपण त्यांच्या हातून औषध घेतले आणि त्यांच्या कामास हलके म्हटले.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. दुसरे महायुद्ध चालू होते. आमच्या आत्याबाई शाळा पुरी करून घरी होत्या. लष्करी रुग्णालयांस परिचारिका हव्यात, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले व आजोबांपाशी विषय काढला. आजोबा म्हणाले, “परक्यांची मलमूत्रे उचलावयास आपल्या घरची मुलगी जाणार नाही.” आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “अण्णा, जखमी माणूस परका कसा?” विषय तेथेच मिटला. पुढे आजोबांस अर्धांगवायू झाला. सात वर्षे ते अंथरुणास खिळून होते आणि सात वर्षे त्यांचे सर्व काही आत्याबाईंनीच केले. अंग पुसणे, कूस बदलणे, पाठीस जखम होऊ नये म्हणून रात्री उठून पाहणे, सारे काही. येणारेजाणारे म्हणत, धन्य ती लेक. तेच काम घरात पुण्य ठरले आणि रुग्णालयात विटाळ! आत्याबाई वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद निघाला. तो स्वच्छ अक्षरात लिहिलेला, सही केलेला आणि कधीच न पाठविलेला अर्ज होता. इतरांच्या घरी पेटीत पदके निघतील. आमच्या घरी हे निघाले.

म्हणून या ठरावास पाठिंबा देताना आम्ही तीन दुरुस्त्या सुचवितो.

पहिली, स्तंभावर डॉक्टरांबरोबर परिचारिका, डोलीवाले, औषधे देणारे, वॉर्डातील शिपाई व सफाई करणारे यांचीही नावे असावीत. आणि ती केवळ आपल्या ज्ञातीची नसावीत, सोलापूर जिल्ह्यातील कोणाचीही असावीत. काही सभासद म्हणतील की, ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का? रणांगणावर रक्त थांबविणाऱ्याने जात विचारली असती, तर ज्यांची नावे आपण कोरू पाहतो त्यांतील किती जण घरी परतले असते?

दुसरी, दगड घेण्याआधी नावे शोधावीत. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्रायटन येथील राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. तेथे जातिधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे मांडली होती. तेथे मृत झालेल्या हिंदू व शीख सैनिकांवर ज्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले, तेथे 1921 साली संगमरवरी छत्री उभारली गेली. मात्र तेथे 53 जणांची नावे कोरली गेली ती 2010 साली. 89 वर्षे छत्री होती, नावे नव्हती. आपल्याकडे तसे न व्हावे. प्रत्येक कुटुंबाने जुन्या पेट्या उघडाव्यात. सेवेचे दाखले, पदके, छायाचित्रे, पत्रे पाहावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चौकशी करावी. मंडळाने नोंदवही ठेवावी आणि स्तंभाखाली मोकळी जागा राखावी, कारण नावे उशिरा येतात.

तिसरी, जमलेल्या निधीपैकी निम्मी रक्कम दगडात न घालता ठेव म्हणून ठेवावी व तिच्या व्याजातून दरसाल एका तरी मुलीस परिचर्येच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे, मग ती कोणत्याही जातीची असो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येची पदवी घेऊन मुली लष्करी अधिकारी होतात, ही माहिती आपल्या किती घरांत आहे? गुणवंतांच्या सत्कारात डॉक्टर व अभियंता होणाऱ्या मुलांस आपण टाळ्या देतो. त्याच व्यासपीठावर परिचारिका होणाऱ्या मुलीचे नाव आजवर पुकारले गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुढील वर्षी ते पुकारले जावे.

स्तंभाच्या अनावरणास पाहुणे कोण बोलवावेत, पाटीवर देणगीदारांची नावे किती मोठ्या अक्षरांत असावीत, या गोष्टींवर पुष्कळ चर्चा होईल. ती होऊ द्यावी. आमची विनंती एवढीच की, स्मारकाचा पहिला दगड प्रांगणात बसण्याआधी प्रत्येक सभासदाने घरी जाऊन मुलींना विचारावे: तुमच्यापैकी कोणास ही सेवा करावयाची आहे काय? आणि कोणी ‘हो’ म्हटले, तर तिच्या अर्जावर पालक म्हणून स्वतः सही करून तो त्याच दिवशी टपालात टाकावा.